हाँगकाँग-म्यानमारच्या बातम्या वाचून इंग्लिश व्होकॅब सुधारते का?

भंवरकुआं_बॉय: मंडळी, बँक पीओची तयारी करतोय, क्लास इंदूरलाच. घरी मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, इंग्लिश फक्त पुस्तकात. सर म्हणतात रोज एडिटोरियल वाचा, पण रेपो रेट आला की मला झोप येते. परदेशातल्या लोकशाहीच्या आंदोलनांच्या बातम्या मात्र मी सिरियल बघावी तशा वाचतो. प्रॉब्लेम एकच, प्रोटेस्ट, अनरेस्ट, रायट, अपरायझिंग सगळ्यांची डोक्यात खिचडी झालीय आणि डिक्शनरी बघून अजूनच गोंधळ होतो. ह्याच बातम्या धरून अभ्यास करू का? बाबा म्हणतात परीक्षेत हाँगकाँग येत नाही.

रामबाग_काका: हाँगकाँग नाही येत रे, शब्द येतात ना. रोज नवा देश नको, एकच प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. हाँगकाँगचं २०१९ घे. आरोपींना चीनमध्ये खटल्यासाठी पाठवता येईल असं एक्स्ट्रॅडिशन बिल आलं, लोक रस्त्यावर उतरले, १५ जूनला हाँगकाँगच्या तेव्हाच्या प्रशासनप्रमुख कॅरी लॅमबाईंनी बिल सस्पेंड केलं. तरी दुसऱ्याच दिवशी केवढा मोर्चा, आयोजक तर २० लाख म्हणाले. का? तर सस्पेंड केलेलं उद्या परत आणता येतं, लोकांना विड्रॉ हवं होतं आणि ते जाहीर व्हायला ४ सप्टेंबर उजाडला. रायटचंही तसंच. १२ जूनच्या निदर्शनांना सरकारने रायट, म्हणजे दंगल म्हटलं आणि तिथल्या कायद्यात त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून हा शब्द मागे घ्या ही पाच मागण्यांमधली एक मागणीच होती. एवढं वाचल्यावर प्रोटेस्ट आणि रायट परत एक वाटतात का सांग.

सुदामानगरची_मावशी: काका बरोबर सांगतायत. बेटा, सुटा शब्द नको लिहूस, जोडीने लिही. कर्फ्यू इम्पोज करतात, लिफ्ट करतात, लोक तो डिफाय करतात. गर्दी डिस्पर्स करतात. क्लोज टेस्टमध्ये, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नात, हेच तर विचारतात, मी शिकवायचे तेव्हा मुलं नेमकी इथेच अडकायची. आणि मोठ्याने वाच, कू (coup, म्हणजे बळाने सत्ता बळकावणं) मधला शेवटचा पी म्हणायचा नसतो. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर पेपरवाल्यांना तंबीच दिली की कू आणि जुंटा (लष्करी राजवट) लिहायचं नाही. तेव्हा कोण काय लिहितंय ते बघत जा, एकच घटना दोन ठिकाणी वाच.

कडू_कारलं: सगळं ठीक, पण नुसती आंदोलनंच वाचलीस तर टिअर गॅस पाठ होईल आणि इन्फ्लेशनवरचा पॅसेज आला की बोंब. बाबा अगदीच चूक नाहीत. दोन दिवस हे, एक दिवस तुझा तो रेपो रेट. अजून एक, आपल्या पेपरातला लाठीचार्ज बाहेरच्या पेपरात शोधत बसू नको, तिकडे बेटन लिहितात.

भंवरकुआं_बॉय: थँक यू सगळ्यांना! आता बेलारूस घेतो, ऑगस्ट २०२० पासून. एकाच बातमीत एकदा डिस्प्यूटेड इलेक्शन आणि एकदा रिग्ड असं दिसलं, दोन्ही कसं काय?

रामबाग_काका: रिग्ड कोणाच्या तोंडी आहे बघ, बहुतेक विरोधकांच्या आणि अवतरणचिन्हात असेल. सरकारी आकड्यात राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्कोला ८० टक्के मतं होती, विरोधकांना ते मान्य नव्हतं. डिस्प्यूटेड एवढंच सांगतं की निकालावर वाद आहे, ते बातमीदार स्वतःच्या नावावर लिहू शकतो. रिग्ड म्हणजे घोटाळा केलाच, तो आरोप झाला. अलेज्ड, क्लेम्ड, अक्यूज्ड हे तिघंही आसपास सापडतील, तेही वहीत घे.