राउटरवर नॅनो एडिटर नाही, व्हीआय एडिटर काही ऐकत नाही, फाइल बदलू कशी?

रातकिडा
मंडळी, जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स सिस्टिम) टाकलंय, एसएसएचने (दुरून कमांड लाइन उघडून) आत जाता येतंय, इथवर झकास. पण फायबरवाल्याच्या मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि याचाही तोच, म्हणून राउटरला नेट मिळेना, आणि नेट नाही म्हणून नॅनो इन्स्टॉल होईना, म्हणजे पत्ता बदलायला एडिटर हवा आणि एडिटर आणायला पत्ता बदलायला हवा 😐 व्हीआय उघडला तर टाइप करतोय एक आणि होतंय भलतंच, ओळीच उडाल्या, बाहेरही पडता येईना, शेवटी विंडोच बंद केली. पत्त्याची सेटिंग असलेली नेटवर्कची फाइल नुसती बघायची कशी आणि बदलायची कशी? आणि लॉग (राउटरच्या घडामोडींची नोंद) कुठे असतात, नेहमीच्या जागी मेसेजेस नावाची फाइलच नाहीये.

देवगडचा_पेंग्विन
घाबरू नकोस, सेव्ह केलं नसशील तर मूळ फाइल जशीच्या तशी असणार. त्या डब्यात सगळं बिझीबॉक्स आहे, म्हणजे कॅट, ग्रेप, सेड, व्हीआय अशा कमांड एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलेल्या, नॅनोचे लाड तिथे नाहीत. नुसतं बघायचं तर कॅट, लांबलचक असेल तर लेस आणि क्यू दाबून बाहेर.

व्हीआय उघडला की आधी कमांड मोड असतो, तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम, दोनदा डी दाबलास की ओळ गेलीच. कर्सर जागेवर ने, स्मॉल आय दाब, मग लिही, झालं की एस्केप, कोलन, डब्ल्यू क्यू, एंटर. विस्कटलं तर एस्केप, कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह. कॅप्स लॉक बंद आहे ना ते आधी बघ, अर्धी रडारड तिथेच असते. आणि हात लावायच्या आधी फाइलची एक कॉपी रूटच्या (अ‍ॅडमिन युजरच्या) होम फोल्डरमध्ये टाक, टीएमपी फोल्डरमध्ये नको, तो रॅममध्ये असतो, रीबूट झालं की साफ.

कट्ट्यावरचा_सिसॅडमिन
अरे पण एवढ्यासाठी एडिटर हवाच कशाला? यूसीआय आहे की, सेटिंग बदलायची कमांड. (मोबाइलवरून मराठीत टाइप करतोय, तू कमांड इंग्रजी अक्षरांत टाक.) यूसीआय सेट, मग नेटवर्क डॉट लॅन डॉट आयपीएडीडीआर, बरोबरचं चिन्ह आणि १९२.१६८.२.१. लगेच फाइलीत काही जात नाही, यूसीआय चेंजेस म्हटलं की काय बदलणार ते दिसतं, पटलं तर यूसीआय कमिट नेटवर्क, नाही पटलं तर रिव्हर्ट. मग नेटवर्क रीस्टार्ट. त्या क्षणी एसएसएच गोठल्यासारखं होईल, ते बरोबरच आहे, पत्ता बदलला ना, लॅनची केबल काढून परत लाव आणि नवीन पत्त्यावर लॉगिन कर.
एकच खोट, कमिट केलं की त्या फाइलीत हाताने लिहिलेल्या कॉमेंट उडतात.
लॉगसाठी लॉगरीड कमांड. फाइल शोधत बसू नकोस, लॉग रॅममध्येच राहतो, लॉगरीड डॅश एफ केलं की चालू लॉग दिसत राहतो.

सदाशिवपेठी
मी तर फाइल लॅपटॉपवर आणतो, आरामात बदलतो, परत पाठवतो. नवीन एससीपी (फाइल पाठवायची कमांड) कुरकुरतो कारण राउटरवर त्याला लागणारा एसएफटीपी सर्व्हर नसतो, डॅश आणि कॅपिटल ओ लावलं की जातो. विंडोजवर असशील तर ओळींचे शेवट युनिक्सचे ठेव, नाहीतर प्रत्येक ओळीच्या मागे एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं आणि मग डोकं धरून बसायची पाळी. आणि फाइल पारच बिघडली तर रॉम फोल्डरमध्ये मूळ फाइली असतात, तिथून कॉपी करायची.

देवगडचा_पेंग्विन
@सदाशिवपेठी फायरवॉल आणि डीएचसीपीच्या मिळतील, पण नेटवर्कची नाही मिळणार, ती पहिल्या बूटला तयार होते. ती बिघडली तर डिलीट करून रीबूट करायचं, नवीन बनते. आतच जाता आलं नाही तर फेलसेफ मोड (अडचणीत आत शिरायची सोय), बूट होताना लाइट भरभर लुकलुकायला लागला की बटण दाबायचं, पीसीला हाताने पत्ता द्यायचा, १९२.१६८.१.१ वर रूट म्हणून जायचं, मग माउंट_रूट कमांड, त्याशिवाय तुझ्या फाइली दिसणारच नाहीत.

रातकिडा
यूसीआयनेच झालं, नेट आलं 🙏 आता नॅनो टाकू का, फ्लॅश ८ एमबीचीच आहे?

कट्ट्यावरचा_सिसॅडमिन
डीएफ डॅश एच करून ओव्हरलेमध्ये (आपल्या फाइली साठतात त्या जागेत) किती उरलंय ते टाक इथे, मग सांगतो.