बर्चच्या परागकणांची ॲलर्जी आणि युरोपातील फळे : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मला बर्च या झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असून तिच्यामुळे काही कच्ची फळे सोसत नाहीत. सफरचंदाचा घास घेतला की काही मिनिटांतच टाळूला आणि ओठांना खाज सुटते, घसा खवखवतो, आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप ओसरते. चेरी, पीच, हेझलनट आणि कच्च्या गाजराचेही तेच. या पदार्थांतील एक प्रथिन परागकणांतील ‘बेट व्ही १’ या प्रथिनाशी मिळतेजुळते असल्याने शरीराची गल्लत होते, उष्णतेने ते मोडत असल्यामुळे शिजवलेले सफरचंद मी निर्धास्त खातो.

एप्रिलअखेरीस स्वीडन आणि तिथून पुढे स्पेन असा प्रवास ठरला आहे. स्वीडनमध्ये तेव्हा बर्चचा मोसम असतो आणि मोसमात हा त्रास बळावतो, म्हणून तिथे कच्ची फळे वर्ज्यच ठेवणार आहे. खरा प्रश्न स्पेनचा आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात पीचची जी ॲलर्जी आढळते, ती बऱ्याचदा लिपिड ट्रान्सफर प्रथिन या वेगळ्याच प्रथिनामुळे होते. ते सालीत अधिक असते, शिजवूनही टिकते, आणि त्याच्यामुळे अंगभर गांधी उठण्यापासून ॲनाफिलॅक्सिसपर्यंत (जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी) काहीही होऊ शकते. या प्रथिनासाठी माझी रक्ततपासणी झालेली नाही. निघण्यापूर्वी ती करून घ्यावी, की डबाबंद पीच आजवर सोसले आहे एवढ्यावर विसंबून राहता येईल?

युरोपीय संघात ज्या १४ ॲलर्जीकारक घटकांचा वेष्टनावर उठून दिसेल असा उल्लेख बंधनकारक आहे, त्यांत सेलरी, सोया आणि हेझलनट आहेत. सफरचंद किंवा पीच नाही. म्हणजे फळांसाठी घटकांची यादी पूर्ण वाचण्यावाचून गत्यंतर नाही. उपाहारगृहात दाखवायला स्थानिक भाषेत चिठ्ठी करणार आहे, परंतु ‘कच्चे चालत नाही, शिजवलेले चालते’ हे गर्दीच्या वेळी वाढप्याला कितपत उमगेल? सरसकट ‘चालत नाही’ लिहिणे बरे, असे माझे मत होत चालले आहे. सोया दूधही टाळणार आहे, कारण बर्चची ॲलर्जी असलेल्यांना त्याने तीव्र त्रास झाल्याची उदाहरणे आहेत, आणि स्मूदीत ते घातले असेल तर चवीवरून ओळखणे अवघड.

अँटीहिस्टामाइनची, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे दाबणारी, गोळी आधी घेऊन मग फळ खावे, असा सल्ला काही परिचित देतात. मला तो पटत नाही. खाज हाच तर पहिला इशारा, तोच दबला तर थांबायचे कधी? ज्यांचा त्रास माझ्यासारखा तोंडापुरताच आहे, त्यांना डॉक्टरांनी प्रवासासाठी ॲड्रेनलिनचे पेन (तीव्र ॲलर्जीत तातडीने टोचून घ्यायचे इंजेक्शन) लिहून दिले होते का, आणि ते विमानात जवळ बाळगण्यासाठी कोणती कागदपत्रे लागली, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.