मदत हवी आहे : किशोरवयीन मुलामुलींसाठी लैंगिक शिक्षणाचे वर्ग

नमस्कार. इंदूरच्या बायपासलगतच्या आमच्या वसाहतीत मुलांना स्वतंत्र खोली, मोबाइल, महागडी शिकवणी असे सारे मिळते; शरीराविषयी मात्र घरात कोणी बोलत नाही, कारण ‘असले प्रकार आपल्याकडे होत नाहीत’, अशी समजूत आहे. (पैसा असला की प्रकरण बाहेर कळत नाही, एवढेच, असे माझे मत.) म्हणून नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी वर्ग घ्यावेत, असे आम्हां काही पालकांना वाटते.

गर्भधारणा आणि गर्भनिरोधन समजावणे एक वेळ जमेल. कायद्याचा भाग अवघड आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार (लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नसते आणि अल्पवयीन मुलगी गर्भवती असल्यास डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते, या भीतीने कुटुंबे दवाखान्यात जाणेच लांबवतात. वास्तविक मुलीने व पालकांनी विनंती केल्यास गर्भपातासाठी आलेल्या मुलीची ओळख डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. हे मुलांना न घाबरवता कसे सांगावे?

मराठी किंवा हिंदीतून असे वर्ग घेणाऱ्या इंदुरातील स्त्रीरोगतज्ज्ञ वा समुपदेशक कोणाच्या परिचयाच्या आहेत का? शिवाय मुलामुलींना एकत्र बसवावे की वेगळे, याबाबत अनुभवी पालकांनी कृपया लिहावे.