शब्दचर्चा : ‘सायटोकाइनसारखं’ की ‘सायटोकाइनसदृश’?

प्रश्न :
प्रयोगशाळेतल्या नव्या मदतनिसांसाठी मराठीत सूचनापत्रक लिहिते आहे. सायटोकाइन म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी स्रवतात ती छोटी प्रथिनं. ‘रिकॉम्बिनंट सायटोकाइन-लाइक प्रोटीन’ला मी ‘कृत्रिम सायटोकाइनसारखं प्रथिन’ म्हटलं, तर दोघांनी त्याचे दोन अर्थ सांगितले. काय लिहावं?

उत्तर :
घोळ ‘सारखं’मुळे होतोय. ‘आंब्यासारखी फळं’ म्हटलं की त्यात आंबाही आलाच. तसंच ‘सायटोकाइनसारखी प्रथिनं’ म्हणजे सायटोकाइन वगैरे, असा अर्थ सहज निघतो. ‘सदृश’मध्ये ही पळवाट नाही. सरकारी आदेशात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ येते तेव्हा लक्षणं दुष्काळाची आहेत, पण दुष्काळ जाहीर केलेला नाही, हा फरक शेतकऱ्याला लगेच कळतो. सीवायटीएल१ या प्रथिनाच्या नावात ‘सायटोकाइन-लाइक’ आहे ते याच अर्थानं. अस्थिमज्जेतल्या आणि नाळेच्या रक्तातल्या सीडी३४ नावाची खूण असलेल्या, रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींत ते सापडलं, पेशीबाहेर स्रवतं, घडणही सायटोकाइनच्या वळणाची. तिथे ‘सायटोकाइनसदृश’ चपखल बसतं.

‘कृत्रिम’ मात्र काढाच. ते वाचून रसायनं मिसळून केलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. इथे डीएनएच्या कडीत हवं ते जनुक जोडतात, ती कडी ई. कोलायसारख्या जिवाणूत घालतात आणि प्रथिन तो जिवाणू स्वतः बनवतो. ‘पुनःसंयोजित प्रथिन’ही मला पटत नाही, कारण जोडणी डीएनएची झालेली असते, प्रथिनाची नव्हे. ‘रिकॉम्बिनंट’ तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा.

‘सायटोकाइन’चंही भाषांतर नको. स्टॅन्ली कोहेन यांनी 1974 मध्ये हा शब्द रुळवला. ग्रीकमधलं ‘कायटॉस’ म्हणजे पोकळ भांडं, त्यावरून पेशी, आणि दुसरा भाग हालचालीचा. करोनाच्या काळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ घराघरांत पोचलाय, आता नवा शब्द कशाला?

प्रश्न :
पटलं. पण कुपीवर ‘मानवी आयएल-२’ (म्हणजे इंटरल्यूकिन-२ हे सायटोकाइन) आणि खाली ‘स्रोत : ई. कोलाय’ असं दोन्ही लिहिलेलं असतं. एका मुलीनं विचारलं, हे माणसाच्या रक्तातून काढलंय का?

उत्तर :
फार चांगला प्रश्न विचारलाय तिनं. पूर्वी आयएल-२ खरोखरच पांढऱ्या पेशी वाढवून त्यांच्या द्रवातून गाळून घ्यावं लागे. 1983 मध्ये जपानच्या तादात्सुगु तानिगुची आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जनुकाची रचना उलगडली, तेव्हापासून ते जिवाणूकडून करून घेता येतं. आता ‘मानवी’ म्हणजे प्रथिन ज्यांच्या साखळीनं बनतं त्या अमिनो आम्लांचा क्रम माणसातला, इतकंच. म्हणून ‘मानवी क्रमाचं, ई. कोलायमध्ये तयार केलेलं’ असं लिहा. ‘स्रोत’ शब्दच नको, त्यानंच गैरसमज होतो.

आणखी एक. ‘हलवा’ हे क्रियापद जपून वापरा. दहा मायक्रोग्रॅम प्रथिन गोठवून वाळवलं की कुपीत जेमतेम पांढुरका पापुद्रा दिसतो, कधी तोही दिसत नाही. झाकणाला चिकटलेला अंश वाया जाऊ नये म्हणून उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची. मग द्रावण घातल्यावर ‘हलवा’ असं लिहिलंत तर कोणी औषधाच्या बाटलीसारखी खळखळवेल, फेस येईल आणि प्रथिनाची घडी मोडेल. ‘घुसळू नका, कुपी हळूच कलती करत राहा’ असं लिहा. ताक करणाऱ्या घरातल्या कुणालाही ‘घुसळू नका’ दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.