एकाच नावाचे दोघे, दोन दफननोंदी: आपला पूर्वज कोणता?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका पूर्वजाचा माग काढतो आहे. १८४१ च्या जनगणनेत त्याचं वय ३५ आहे, १८५१ मध्ये एकदम ४९. पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) दफननोंदवहीत त्या नावाचे दोघे सापडतात: १८५८ मध्ये वय ५६, आणि १८६६ मध्ये वय ६०. १८४१ शी दुसराच जुळतो. मग १८५१ ची नोंद चुकीची धरायची का? डीएनए चाचणीने निकाल लागेल?

उत्तर १: दोन्ही नोंदी बरोबर असू शकतात. १८४१ मध्ये १५ वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, त्यामुळे ३५ म्हणजे ३५ ते ३९ मधलं काहीही. ३९ चा माणूस दहा वर्षांनी ४९ चाच होणार. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं पॅरिशही लिहिलेलं असतं, म्हणून पाया तीच नोंद ठेवा. मग तेच कुटुंब १८६१ मध्ये शोधा. बायको विधवा म्हणून दिसली तर १८५८ ची दफननोंद बळकट होते. नवरा जिवंत दिसला तर ती बाद.

उत्तर २: दफननोंदवहीवर एवढा भार टाकू नका. १८१३ पासूनच्या छापील नमुन्यात नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख, वय आणि पाद्रीची सही एवढंच असतं. बायको-मुलांसाठी रकानाच नाही. दोघांचेही मृत्यूचे दाखले मागवा. सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. दाखल्यातला व्यवसाय १८५१ शी ताडून बघा, आणि खबर देणारा कोण होता ते जरूर वाचा. कधीकधी तिथेच मुलगा किंवा जावई सापडतो. दाखला शोधायच्या सरकारी सूचीतली तिमाही मृत्यूची नसते, नोंदणीची असते. मार्चअखेरचा मृत्यू जूनच्या तिमाहीत गेलेला असू शकतो.

उत्तर ३: डीएनएचा क्रम शेवटी. एका गावातले एकाच नावाचे दोघे पुष्कळदा चुलतभाऊच असतात, मग वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणारा डीएनए) दोघांच्या पुरुषवंशजांत सारखाच येतो, दोघांचे बाप सख्खे भाऊ असतील तर. ऑटोसोमल चाचणीत (आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणाऱ्या) इतक्या पिढ्यांनंतर, म्हणजे सामाईक पूर्वज खापरपणजोबांचा बाप असेल तर, साधारण निम्म्या जोड्यांत मोजण्याजोगा सामाईक तुकडा उरतच नाही. त्यामुळे जुळणी आली नाही यावरून नातं नाकारता येत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीची चाचणी करा, एक-दोन पिढ्यांचं अंतर वाचतं. ७ सेंटिमॉर्गनखालचे (हे डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजायचं एकक) तुकडे पुरावा म्हणून धरू नका.