रियासतकार, बडोदे आणि एका वर्षाची चूक

मराठ्यांचा इतिहास 'रियासत' या नावाने लिहिणारे रियासतकार गो. स. सरदेसाई कुठे प्राध्यापक होते का, असा प्रश्न पडतो. नव्हते. १८८९ मध्ये ते बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवायचं, राजपुत्रांना शिकवायचं, हे काम. शिकवण्यासाठीच्या टिपणांतूनच 'रियासत' उभी राहिली. प्राध्यापक होते ते त्यांचे स्नेही, इतिहासकार जदुनाथ सरकार. वाचकाने ही जोडी एकत्रच वाचावी.

१९२५ ला निवृत्त झाल्यावर सरदेसाईंनी पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या निवडक कागदांचे, ४५ खंड संपादले. त्यातलं खरं कष्टाचं काम म्हणजे तारखा लावणं, कारण पुष्कळ पत्रांत चंद्र (म्हणजे चांद्र महिन्यातली तारीख) आणि महिना असतो, वर्षच नसतं. मग मजकुरातल्या मोहिमेवरून ते ठरवायचं.

जिथे वर्ष असतं तिथे ते अरबी शब्दांत, एकंपासून उलटं: 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १, ६०, १००, १०००, एकूण ११६१. हा शुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली वर्षगणना; तो मृग लागला की बदलतो. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. नवशिके सरसकट ५९९ मिळवतात आणि पानिपतच्या, १४ जानेवारी १७६१ च्या, आसपासची पत्रं वर्षभर मागे सरकतात. घोडचूकच ती! आधी महिना पाहा, मगच बेरीज करा.