मदत हवी आहे: रद्द झालेल्या डिजिटल दाखल्यांची यादी किती वेळ साठवून ठेवावी?

नमस्कार मंडळी. स्टार्टअपसाठी ओळख आणि पदवीचे डिजिटल दाखले तपासण्याची प्रणाली बांधतो आहोत. दाखल्यावर संस्थेची डिजिटल सही, दाखला माणसाच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये, आणि ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत) फक्त संस्थेची सार्वजनिक की, म्हणजे सही तपासण्याची डिजिटल किल्ली. इथपर्यंत ठीक चाललंय.

आधार क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून गणिताने काढलेला ठसा) चेनवर टाका, असा सल्ला कृपया नको. १२ अंकांतला पहिला ० किंवा १ नसतो, शेवटचा पडताळणीचा असतो; उरतात ८ हजार कोटी शक्यता. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर त्या काही मिनिटांत तपासून होतात, म्हणजे हॅशवरून मूळ क्रमांक सापडतो. शिवाय चेनवरचं पुसता येत नाही, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा माहिती पुसून घेण्याचा हक्क देतो.

अडलंय ते रद्द दाखल्यांपाशी. डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) पद्धतीची बिट-यादी वापरतो, प्रत्येक दाखल्याला एक बिट: १,३१,०७२ बिट, म्हणजे १६ केबी. दाखला रद्द झाला की त्याच्या जागी १. तपासणारा अख्खी यादी उतरवून घेतो, त्यामुळे नेमका कोणाचा दाखला तपासला हे संस्थेला कळत नाही. पण ती यादी २४ तास साठवली, तर तेवढ्या वेळात रद्द दाखलाही खरा ठरतो. मुदत ५ मिनिटांवर आणली, तर रेंज नसलेल्या ठिकाणी तपासणीच थांबते.

तुम्ही मुदत किती ठेवता? दाखल्याच्या प्रकारानुसार वेगळी? आणि फोन हरवला तर जुना दाखला आधी रद्द करता, की नव्या फोनमधल्या नव्या डिजिटल किल्लीवर नवा दिल्यानंतर?